सराफ्यातील रात्रीची खाद्यफेरी : एका इंदूरकर रहिवाशाचा अनुभव

इंदुरात पस्तीस वर्षे राहूनही सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या इथल्या सराफ बाजारात, मार्गदर्शक घेऊन फिरावे, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु जानेवारीत नाशिकहून आत्या आल्या आणि त्यांना एकाच रात्री सगळे चाखायचे होते, म्हणून एका पायी खाद्यफेरीत आम्हा दोघींची नावे नोंदवली.

रात्री साडेआठला राजवाड्यासमोर फेरी सुरू झाली. होळकरांची ही सातमजली वास्तू आणि तिला 1984 मध्ये लागलेली आग, यांवर मार्गदर्शक जेमतेम पाच मिनिटे बोलला, हे मला अपुरे वाटले. सराफ्यात मात्र त्याची जाण दिसली. सराफांच्या पेढ्या बंद होत होत्या आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया मांडल्या जात होत्या. प्रत्येक ठिकाणी तो चौघांत एकच प्लेट घ्यायला लावी, त्यामुळे शेवटपर्यंत पोटात जागा राहिली.

साबुदाण्याच्या खिचडीपाशी आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. विक्रेत्याने वाफेवर गरम ठेवलेला साबुदाणा भांड्यात काढला, त्यात शेंगदाणे, तळलेला बटाट्याचा कीस, मसाला, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातली, वरून लिंबू पिळले आणि भराभर कालवून द्रोण पुढे केला. तूप-जिऱ्याची फोडणी नाही, दाण्याचे कूट नाही! आत्यांनी पहिला घास जरा साशंकपणेच घेतला, मग म्हणाल्या, ‘‘अगं, दाणा न् दाणा मोकळा आहे.’’ घरी मीही खिचडी आपल्याच पद्धतीने करते. तरीही ही चव मला तितकीच आपली वाटते आणि ती त्यांना आवडल्याचा मला फार आनंद झाला.

पुढे भुट्ट्याचा कीस, जिरावण मसाला भुरभुरलेला गरमागरम गराडू (तळलेला कंद) आणि शेवटी शिकंजी झाली. शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत असे समजून आलेल्यांना आटवलेल्या दुधाचा केशरी, दाट पेला हाती आल्यावर नवल वाटले.

तक्रार एकच, पण महत्त्वाची आहे. त्या अरुंद गल्लीत अठरा जणांचा गट नेल्यामुळे मागच्यांना काही ऐकू येत नव्हते, आणि सुमारे तीन तासांत कुठेही बसण्याची सोय नव्हती. सत्तरीच्या आत्यांना अखेर एका बंद पेढीच्या पायरीवर टेकावे लागले. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच गट किती मोठा आहे आणि मध्ये बसता येईल का, हे विचारून घ्यावे. आणि गराडू खायचा असेल तर थंडीतच जावे.