ओजेटीचे 120 तास : घरात विचारायला कुणी नसेल तर कितपत उपयोगी?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामाच्या जागी जाऊन घ्यायचं प्रशिक्षण) आली. 4 क्रेडिट, एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे एकूण 120 तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. रोज 6 तास धरले तर 20 दिवस. सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी ही सोय मोलाची आहे, पण तिला माझ्याकडून पाचपैकी साडेतीनच्या वर गुण देता येत नाहीत.

गाडी अडते ती काम देणाऱ्याच्या संमतीपत्रावर. शिफारसपत्र कॉलेज देतं, जागा मात्र बऱ्याचदा विद्यार्थ्यालाच शोधावी लागते. वडील बँकेत किंवा आई शिक्षिका असेल तर एका फोनवर सीएच्या ऑफिसात काम होतं. यंत्रमाग किंवा विडी कामगाराच्या घरात फोन करावा असा माणूसच ओळखीचा नसतो. मग शेवटच्या आठवड्यात जवळच्या दुकानातून शिक्का मारून आणतात आणि 120 तास कागदावर भरतात. त्यात 20 दिवस बिनपगारी. संध्याकाळच्या कमाईवर घर चालवणाऱ्या मुलाला हे परवडत नाही, आणि त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

आईवडील कमी शिकलेले म्हणून मुलाची तयारी कमी, हेही खरं नाही. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. कारखान्यात छाट (बाद ठरलेल्या विड्या) निघाली की तेवढ्या विड्यांची मजुरी पदरात पडत नाही, म्हणून घरी पान कापताना, दोरा बांधताना हात जपून चालतो. हे रोज बघितलेल्या मुलीला टॉवेलच्या कारखान्यात रिजेक्शन म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. पण तिच्या ओजेटीच्या अहवालात एकच ओळ येते : ‘येथे गुणवत्ता तपासली जाते.’ शंभरात किती टॉवेल बाद झाले, कशामुळे झाले, हे लिहायचं असतं असं तिला कुणी सांगितलेलंच नसतं. शिकलेल्या घरात ही गोष्ट जेवताना बोलता बोलता कळून जाते.

अहवालातल्या पर्यावरणाच्या प्रकरणाचंही तेच. इंटरनेटवरून शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं उतरवून काढण्यापेक्षा रंगाई खात्यात उभं राहावं. सूत आणि पाण्याचं प्रमाण 1:10 असेल तर 100 किलो सुताच्या एका बाथला (एकदा पाणी भरून केलेल्या प्रक्रियेला) 1,000 लिटर पाणी लागतं. रंग, धुणं, साबण, परत धुणं असे 7 बाथ झाले की 7,000 लिटर. सुती मालाच्या रिअॅक्टिव्ह रंगाला मीठ लागतं. न बसलेला रंग आणि सगळं मीठ सांडपाण्यात जातं. चुना-तुरटीने रंग बराच उतरतो, मीठ तसंच राहतं, म्हणून पाणी नितळ दिसलं तरी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) चढलेला असतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात हा हिशेब कुठल्याही घरात समजेल.

सुधारणा अवघड नाहीत. सत्र सुरू होतानाच कॉलेजने अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या तयार जागांची यादी द्यावी. कमावत्या मुलांना रोज 3 तास, 40 दिवस अशी मुभा द्यावी. पहिल्या दिवशी मार्गदर्शक प्राध्यापकाने सोबत जावं, कारण गेटवर काय बोलायचं इथूनच अनेकांची अडचण सुरू होते.

लॉगबुकाचा, म्हणजे रोजच्या कामाच्या नोंदवहीचा, नमुनाही भरून दाखवावा. ‘आज रंगाई विभाग पाहिला’ असं लिहिलेलं पान परत करावं. ‘सूत 80 किलो, 7 बाथ, मीटरवर 5,600 लिटर, शेवटच्या धुण्याचं पाणी अजून लालसर’ असं लिहिलं असेल तरच सही करावी.