ब्रिटनीहून आणलेलं सामान, आठ महिन्यांनंतर

मागच्या सप्टेंबरात आम्ही दोघं चार रात्री ब्रिटनीत होतो. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचा पश्चिमेला समुद्रात घुसलेला तुकडा, ब्रिटन नव्हे, हे आधीच सांगते कारण घरातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की आम्ही लंडनला जाऊन आलो. खायचं आणि हाताने बनवलेल्या वस्तू बघायच्या एवढंच ठरवलं होतं, किल्ले आणि चर्च रस्त्यात लागले तर लागले. आल्या आल्याच लिहिणार होते पण तेव्हा सगळंच भारी वाटतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता मे चाललाय आणि आणलेल्यातलं काय रोज हाताशी लागतं आणि काय नुसतं शोकेसमध्ये बसलंय ते चांगलंच कळलंय.

रूट थोडक्यात. पॅरिसहून रेनपर्यंत टीजीव्हीने, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेने, दीड तास, तिथून भाड्याची गाडी. एक रात्र उत्तरेला कांकाल, दोन रात्री कँपेर (तिथूनच दुआर्नने), शेवटची गेरांद. चार रात्रींना हे जास्तच झालं, कांकाल ते कँपेर तीनेक तास गाडीतच गेले. आणि गाडी घेताना चारी बाजूंनी फोटो काढा, आमच्याकडून आधीच असलेल्या ओरखड्याचे पैसे लावले, भांडायला ना भाषा होती ना वेळ.

सगळ्यात जास्त पैसे वसूल कशाचे झाले तर आठ-नऊ युरोच्या एका लाकडाच्या काठीचे. तिला रोझेल म्हणतात, इंग्रजी टी अक्षर असतं तशी, बारीक दांडा आणि टोकाला आडवी काडी, बिनदातांचं छोटं दंताळं म्हणा. कँपेरजवळ एका काकूंकडे अर्ध्या दिवसाचा क्लास केला होता, ब्ले न्वारच्या पिठाचे पातळ क्रेप करायचा. ब्ले न्वार म्हणजे शब्दशः काळा गहू, पण गव्हाशी त्याचा काही संबंध नाही, हा आपला कुट्टू, उत्तरेकडे उपासाला खातात तो. पूर्वेकडे रेनच्या बाजूला याला गालेत म्हणतात, मी तेच म्हणत होते तर काकूंनी दोनदा टोकलं, आमच्याकडे क्रेपच म्हणायचं. पीठ, पाणी, जाडं मीठ, बास. पाव किलो पिठाला साधारण अर्धा लिटर पाणी, हातानेच फटाफट फेटायचं, फुगे दिसले की झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. मग बिलिगवर, म्हणजे त्यांच्या मोठ्या गोल सपाट बिडाच्या तव्यावर, मधोमध एक पळी पीठ ओतायचं आणि रोझेल गोल फिरवत न्यायची. दाबायची नाही. मी दाबत होते. काकू माझं मनगट धरून हलवत होत्या, सैल सोड, सैल सोड, असं काहीतरी फ्रेंचमध्ये. पहिले तीन फाटले, चौथा निघाला, त्यावर अंडं, हॅम आणि चीज टाकून चारी बाजूंनी दुमडलं आणि तिथेच उभ्याउभ्या खाल्लं.

बिलिग आणायचा मोह झाला होता पण ते धूड विमानात कोण नेणार. आणि गरजही नाही! आमच्याकडे आईचा बिडाचा तवा आहे, घावनांचा, त्यावर बरोब्बर होतं. दिवाळीत आई देवगडहून आली होती तर बघून म्हणाली, अगं हे आपलं घावनच की, काळं. पण हात पूर्ण वेगळा लागतो. घावनाचं पीठ पाण्यासारखं, कडेने ओतत आत यायचं आणि जाळी आपोआप पडते. हे मध्ये ओतून पसरवायचं आणि थांबलात की गेलं, ग्लुटेन नाही त्यामुळे पीठ धरून राहत नाही. तिथून आणलेलं दोन किलो पीठ डिसेंबरात संपलं. इथलं कुट्टूचं पीठ पांढरट आणि गुळमट निघालं, तिथल्यात सालाचे काळे ठिपके असतात आणि चव जरा कडवट, खमंग. इथल्याने फाटतंय जास्त, म्हणून पाणी थोडं कमी करते आणि आता रविवारचा नाश्ता नक्की होतो. रोझेल काळी पडलीय, फेब्रुवारीत डोकं दांड्यातून निघालं, नवऱ्याने फेविकॉलने बसवलं आणि मी रात्रभर सुतळीने आवळून ठेवलं. पाण्यात भिजत टाकू नका, चूक माझीच होती.

दुसरं वसूल झालेलं म्हणजे गेरांदचं मीठ. सरकारी नकाशात गेरांद आता ब्रिटनीत नाही, पण तिथे जाऊन कुणाला हे सांगून बघा. मिठागरं आपल्यासारखीच, भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं. तळाचं मीठ खालच्या चिकणमातीमुळे राखाडी होतं, ते लांब दांड्याच्या फावडीने ओढतात. आणि वर तरंगणारी पातळ पांढरी साय, फ्लर द सेल, ती वेगळी, हलक्या हाताने काढतात. भाईंदर-उरणची मिठागरं बघितलेल्या माणसाला नवल नाही वाटणार, पण तिथे त्या मिठाचा जो तोरा आहे तो बघून आपल्या आगरी लोकांची आठवण आली, ज्यांचं नावच आगरावरून पडलं त्यांच्या मिठाला कधी कुणी असं गोंडस पाकीट दिलं नाही. ब्रिटनीत लोणी खारट का, तर राजाच्या काळात बाकी फ्रान्समध्ये मिठावर गाबेल नावाचा जबर कर होता आणि ब्रिटनीला त्यातून सूट होती, मग लोणी टिकवायला मीठ ओतायला काय जातंय.

वापरायचं म्हणाल तर राखाडी मीठ ओलं असतं, डबीतून पडत नाही, मी चिनी मातीच्या छोट्या बरणीत लाकडी चमचा टाकून ठेवलंय. त्यात आयोडीन वेगळं घातलेलं नसतं, त्यामुळे रोजच्या भाजीला आपलं नेहमीचंच मीठ. फ्लर द सेल मात्र कैरीच्या फोडींवर! दाताखाली कण फुटतो ना, त्यासाठी पुन्हा जाईन.

आता नाराजी. कँपेरच्या एका कार्यशाळेतून हाताने रंगवलेला बोल घेतला, दोन कानांचा, बाजूला नाव घालून देतात. त्या गावात मातीच्या भांड्यांचं हे काम १६९० पासून चालतं असं सांगतात. रंगवणारी बाई एका फटक्यात पान काढत होती, ब्रश टेकवला, दाबला, उचलला, झालं पान, पेन्सिलची खूण नाही काही नाही. मी अर्धा तास तिथेच उभी. पण घरी आल्यावर? फायान्स, म्हणजे चकाकी चढवलेली ही मातीची भांडी, पोर्सेलीनइतकं कडक नसतं, तिसऱ्याच महिन्यात सिंकमध्ये कुकरच्या झाकणाला लागून कान उडाला, आतली माती उघडी पडली आणि तिने चहा शोषून घेतला. आता त्यात किल्ल्या. पन्नास युरोच्या किल्ल्या.

पट्ट्यांचा टीशर्टही तसाच. मुळात हा फ्रेंच खलाशांचा कपडा, नौदलाच्या १८५८ च्या आदेशात त्याचं सगळं ठरलेलं आहे, अंगावर २१ पांढरे पट्टे २० मिलिमीटरचे, निळे १० मिलिमीटरचे. नवऱ्याने स्वतःचे मोजले, १७ भरले, तेव्हापासून तो मला फसवलं म्हणतो. कापड जाड, पुण्यात डिसेंबर-जानेवारी सोडलं तर घालवत नाही.

कांकालबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. धक्क्याजवळच्या स्टॉलवर कालवं मिळतात, डझनाने, समोर फोडून, लिंबू पिळून कच्ची खायची आणि शिंपले खाली किनाऱ्यावर फेकून द्यायचे, सगळे तेच करतात. आम्ही कालवांचं तिखलं खाणारी माणसं, कच्चं गिळताना पहिल्याला डोळे मिटले. सहावं मी नवऱ्याच्या ताटातून उचललं.

शेवटचं सार्डिन. दुआर्नने हे सार्डिनच्या डब्यांचं गाव, १९२४ मध्ये तिथल्या कारखान्यातल्या बायकांनी मोठा संप केला होता, तासाला ८० सांतीम (शंभर सांतीमचा एक फ्रँक) मिळत होते, मागितला सव्वा फ्रँक, जानेवारीत एक फ्रँक पदरात पाडून घेतला. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण. डब्यावर साल छापलेलं असतं आणि लोक ते वर्षानुवर्षं मुरवतात, दुकानदाराने बजावलं की दर काही महिन्यांनी डबा उलटा करायचा म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. मला वाटलं टुरिस्टांना गंडवतोय. एप्रिलमध्ये एक फोडला, ऑक्टोबरात लगेच खाल्लेल्यापेक्षा खरंच मऊ, काटा लागलाच नाही, गरम भातावर तेलासकट घेतला. दोन उरलेत, पुण्याच्या उन्हापासून लांब कपाटाच्या खालच्या फळीत, परवाच उलटे केले. नवरा रोज विचारतो कधी फोडायचे, मी म्हटलं गणपती होऊन जाऊ देत.