संप किटच्या नावाखाली १८,०५० चा चुना

संप म्हणजे समुद्री मत्स्यटाकीच्या खाली ठेवायची, पाणी गाळायची दुसरी टाकी. तिचं किट विकणाऱ्याने माझ्याकडून आधी १२,५०० आगाऊ घेतले. मग पॅकिंगच्या लाकडी खोक्याचे २,४००. मग "कराचे आहेत सर, परत मिळतील" म्हणून ३,१५०. दर वेळी "बस, एवढं शेवटचं". ही चाल सगळ्यांना पाठ आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. समुद्री टाकी ठेवणाऱ्यांना नेमकं कुठे गाठतात ते सांगतो.

संप मला स्वतःच बांधायचा होता. मापात कापलेल्या काचा, बॅफल (आतले कप्पे पाडणाऱ्या पट्ट्या), रिटर्न पंप (पाणी परत वर चढवणारा) आणि रिफ्युजियमसाठी, म्हणजे शेवाळाच्या कप्प्यासाठी, कीटो (पाण्यातली घाण शोषणारं समुद्री शेवाळ) असं किट मागवायचं, घरी सिलिकॉनने जोडायचं, एवढाच बेत. विक्रेत्याने संपचं चित्र पाठवलं. माझी वरची टाकी १२० बाय ४५ सेंटीमीटर. वीज गेली की पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी खाली संपमध्ये उतरतं) कडेपर्यंत आणि रिटर्न नळीच्या तोंडापर्यंत खाली येतं. पातळी ३ सेंटीमीटर उतरली तरी १६ लिटरच्या वर. त्याच्या चित्रातला संप ६० बाय ३५ आणि पाण्याची रेघ काठाच्या फक्त २ सेंटीमीटर खाली. मोकळी जागा ४.२ लिटर! उरलेलं बारा लिटर खारं पाणी फरशीवर. मी विचारलंसुद्धा, "लाइट गेल्यावर हे पाणी मावणार कुठे?" उत्तर आलं, "होतं ॲडजस्ट सर, सगळे असंच वापरतात."

तिथेच फोन ठेवायला हवा होता. अजून आठवलं की चडफड होते. ज्याने एक जरी संप बांधलाय तो हे गणित आधी करतो, गिऱ्हाइकाने विचारायची वाट बघत नाही. कॅबिनेटच्या आतली मापं त्याने विचारली नाहीत. ओव्हरफ्लो भोक पाडून आहे की काठावर टांगलेला, तेही नाही. तुमच्या टाकीबद्दल काहीच न विचारणाऱ्याला एक पैसा देऊ नका.

पण मी काही नवशिका नाही, आणि बाकीचं तो अचूक बोलत होता. रिफ्युजियमचा दिवा रात्री लावा, म्हणजे पीएच फार घसरत नाही. कौलर्पा हे दुसरं शेवाळ नको, ती प्रजननाला लागली की एकाएकी विरघळते आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडते. हे खरंच आहे. असं बोलणाऱ्यावर कोणीही विश्वास ठेवला असता.

खोकं आलं. काचा वेगवेगळ्या जाडीच्या, एकही कड घासलेली नाही. बॅफल ॲक्रिलिकचे, ज्यांना सिलिकॉन धड धरतच नाही. सिलिकॉन बाथरूमचं, बुरशीरोधक. त्यातलं बुरशीनाशक टाकीतल्या जिवांना घातक असतं, म्हणून लेबल वाचल्याशिवाय नळी उघडू नका. पंप नाहीच. कीटो म्हणून जावा मॉस! खरं कीटो हाताला तारेच्या घासणीसारखं राठ लागतं. हे लिबलिबीत, गोड्या पाण्यातलं, खाऱ्यात मरणारं.

एवढा कचरा पाठवायचे कष्ट कशाला घेतले, ते पोलीस चौकीत कळलं. "माल मिळालाय ना? पोचपावतीवर सही तुमचीच ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे." मी जावा मॉस आणि कीटोमधला फरक सांगायला लागलो तर साहेब म्हणाले, "माशांच्या टाकीला एवढे पैसे?" टाकी माझी, पैसे माझे, त्यांना काय करायचंय? तिथून ऑनलाइन तक्रार करायला सांगितलं. ऑनलाइन तक्रारीवर उत्तर आलं, जवळच्या चौकीत जा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, आणि कुरिअरच्या नोंदीत "पोहोचले" दिसतंय. कुरिअरवाले म्हणाले, आत काय होतं ते आम्ही बघत नाही. ग्राहक तक्रारीच्या अर्जात विक्रेत्याचा पूर्ण पत्ता हवा. पत्ता असता तर मी अर्ज कशाला करत बसलो असतो? तक्रार शेवटी "निराकरण झाले" म्हणून बंद केली. कोणाचं निराकरण?

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. माझ्याकडे तो नव्हता आणि प्रत्येकाने तोच मागितला. सह्या खोकं उघडल्यावर. पंपाचे पैसे वेगळे ठेवा, तो कुठल्याही दुकानात मिळतो. आणि लिहिलेला प्रवाह शून्य उंचीवरचा असतो, मीटरभर चढवला की बराच कमी होतो. कीटोचा पिशवीतला नाही, चालू टाकीतला व्हिडिओ मागा, त्यात त्या दिवशीची तारीख कागदावर लिहून धरायला सांगा.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने विकतोय. चित्र तेच आहे: डावीकडे रिफ्युजियम, उजवीकडे पंप, पाण्याची रेघ काठाला भिडलेली.