येलोस्टोन: रंगीत की कृष्णधवल?

म्हापशाचे दोघे मित्र अमेरिकेतल्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघालेत आणि वाद घालतायत: फोटो रंगीत की कृष्णधवल?

ग्रँड प्रिझमॅटिक या गरम पाण्याच्या कुंडापाशी प्रश्नच नाही. उष्णता सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंगलेल्या पिवळ्या-केशरी कडा, मधोमध निळंशार पाणी. ते करडं करून हाती काय लागणार? फक्त पहाटे जाऊ नका. थंडीत वाफ दाटते, रंग झाकले जातात. ऊन चढू द्या.

मेलेल्या पाइन वृक्षांचं अगदी उलट. गरम पाण्यातलं सिलिका (वाळूत असतं ते खनिज) खोडात शोषलं जातं, झाड मरतं, बुंधा पांढरा पडतो. तिथे त्यांना ‘बॉबी सॉक्स’ म्हणतात, म्हणजे आखूड पांढरे मोजे! मागे वाफ, वर राखाडी आभाळ. इथे रंग नुसती लुडबूड करतात. तांबडी माती, हिरवी शेतं टिपायची सवय असलेल्या आपल्या गोव्याच्या मंडळींना हे जिवावर येईल, पण माझं मत ठाम कृष्णधवल. वेळ पहाटेची, सूर्य वाफेआड. पांढरा भाग जळू नये म्हणून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेड-अंधाराचा आलेख) तपासत राहा.

ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने उसळतो. आभाळ निळं असेल तर रंगीत, नाहीतर कृष्णधवल. उडालेले तुषार भिंगावरून लगेच टिपून घ्या, सिलिका वाळलं की डाग निघता निघत नाही.