कृत्रिम पायाच्या नावाखाली फसलो, घरात कोणाचा पाय कापावा लागला असेल तर आधी हे वाचा

शुगरमुळे जखम चिघळत गेली आणि बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऑपरेशनला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आम्ही सगळे अजून सुन्नच होतो, आणि तेवढ्यात वॉर्डबाहेरच्या बाकावर एक माणूस आईशेजारी येऊन बसला. गळ्यात कार्ड, हातात कॅटलॉग, बोलायला एकदम गोड. काकू काळजी करू नका, काका महिन्याभरात चालायला लागतील, इम्पोर्टेड पाय आहे म्हणाला. आईने विचारलं की हॉस्पिटलमधून काही सोय होते का, तर म्हणे इथे तसलं काही नाही आणि सरकारी ठिकाणी वर्षभर नंबर लागत नाही. आम्ही कोणालाच विचारलं नाही हो, त्याच्यावरच विश्वास ठेवला.

माप घ्यायला तो घरी आला. बँडेज सोडलंच नाही त्याने, क्रेप बँडेजवरूनच टेप फिरवला, दोन आकडे वहीत लिहिले आणि पूर्ण पैसे आधी मागितले. आता कळतंय की तिथेच थांबवायला हवं होतं, कारण कापलेल्या भागाला (सगळे स्टंपच म्हणतात) सुरुवातीला सूज असते, ती महिनोनमहिने उतरत राहते, आकार स्थिर व्हायला साधारण सहा महिने ते वर्षही लागतं, म्हणून पहिला पाय तात्पुरता असतो आणि सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो कप, पुढे बदलावाच लागतो. हे त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. पावतीवर फक्त "साहित्य" असं लिहिलं होतं. कुठला पाय, कुठली बाजू, किती दिवसांची गॅरंटी, काही नाही.

पाय आला, पहिले दोन आठवडे बाबा वॉकर धरून उभे राहायचे आणि आम्ही खूश. मग तो सैल व्हायला लागला. फोन केला तर म्हणे दोन मोजे जास्त घाला. दोनाचे चार झाले, पाय तरी आत फिरायचा. एका संध्याकाळी मी मोजा काढला तर आतून ओला लागला, पाहिलं तर रक्त, आणि बाबा म्हणतात मला तर काही दुखत नाहीये. शुगरमुळे तिथली संवेदनाच गेली होती. नडगीच्या हाडाच्या टोकाशी मोठी जखम झाली होती. पुन्हा तीच ड्रेसिंगची फेरी सुरू, पुन्हा तीच भीती की अजून वर कापावं लागतंय की काय. त्या माणसाचा फोन तोवर बंद.

ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने विचारलं, पुनर्वसन विभागात दाखवलं नाही का? त्याच हॉस्पिटलात, दोन मजले खाली! फिजिओ होते, कृत्रिम पाय बनवणारे प्रोस्थेटिस्ट होते, सगळं होतं, आणि आम्ही ज्या बाकावर पैसे ठरवले तिथून जिन्याने पाच मिनिटं लागली असती. त्या फिजिओ मॅडमनी बाबांचा गुडघा सरळ करून बघितला तर तो पूर्ण सरळ होईना, आखडला होता. दुखू नये म्हणून आम्ही तीन महिने गुडघ्याखाली उशी ठेवत होतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. पैशापेक्षा मला हे जास्त लागलंय. पैसे परत कमावता येतील पण व्यायामाचे ते महिने त्या माणसाने खाल्ले.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात २६ वं कलम पुनर्वसनावरच आहे, ते शक्य तितक्या लवकर सुरू व्हावं आणि वेगवेगळ्या जाणकारांनी मिळून त्या माणसाची गरज तपासावी असं त्यात आहे. आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या २०२२ च्या अहवालात सांगितलंय की जगात २५० कोटींहून जास्त लोकांना व्हीलचेअर, चष्मा, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव असं काही ना काही साधन लागतं, पण काही गरीब देशांत ते गरजूंपैकी फक्त ३ टक्के लोकांपर्यंत पोचतं. सोय आहे की नाही हेच घरच्यांना माहीत नसतं आणि असे लोक नेमके त्यावरच जगतात.

तर डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांना पुनर्वसनासाठी चिठ्ठी मागा. माप उघड्या स्टंपवर घेतलं पाहिजे, आणि शक्यतो आधी ट्रायलचं पारदर्शक सॉकेट घालून बघतात, त्यातून त्वचा कुठे दाबली जाते ते दिसतं. चालायचं ट्रेनिंग कोण देणार, सॉकेट सैल झालं तर कोण बदलणार हे पावतीवर लिहून घ्या, लिहून देत नसेल तर पैसे देऊ नका. आणि रोज रात्री आरसा धरून स्टंप खालून बघा, पाय काढल्यावर दहा मिनिटांनीही लाली तशीच असेल तर घालणं बंद करून लगेच दाखवा.

गेल्या आठवड्यात बाबांना व्यायामाला नेलं तेव्हा तो माणूस पुन्हा त्याच बाकावर दिसला, एका मुलीला कॅटलॉग दाखवत होता. मी सरळ तिच्या शेजारी जाऊन बसले आणि बाबांच्या जखमेचा फोटो तिच्यासमोर धरला. तो उठून गेला, आणि मी तिला जिन्याने खाली घेऊन गेले.