निक्को, नारा की योकोहामा : जपानमधील जुन्या पाश्चात्य पद्धतीच्या हॉटेलांपैकी कोणते निवडावे?

जपानच्या सहलीत एखादी तरी रात्र ऐतिहासिक हॉटेलात काढावी, पण त्यासाठी सगळ्या प्रवासाचे गणित कोलमडू नये, असे ज्यांना वाटते त्यांच्यापुढे प्रत्यक्षात फार पर्याय उरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी उभी राहिलेली आणि आजही चालू असलेली नऊ हॉटेले २०१७ मध्ये एकत्र आली आणि त्यांनी आपली एक संघटना स्थापन केली. त्यांपैकी टोकियो स्टेशन हॉटेल, हाकोनेचे फुजिया आणि कारुइझावाचे मांपेई यांचे दर नूतनीकरणानंतर मध्यमवर्गीय प्रवाशाला सहज परवडणारे राहिलेले नाहीत. खुद्द टोकियोत जुन्या वास्तूत तुलनेने माफक दरात राहण्याच्या दोन उत्तम जागा होत्या. त्यांपैकी १९३७ च्या इमारतीतले यामानोउए हॉटेल फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाले आणि १९२८ च्या इमारतीतले गाकुशी काइकान त्याच वर्षाच्या अखेरीस. त्यामुळे नेहमीच्या पर्यटनमार्गावर असलेली आणि थोडा हात सैल सोडला तर आवाक्यात येणारी तीन नावे उरतात : निक्कोचे कानाया हॉटेल, नाराचे नारा हॉटेल आणि योकोहामाचे हॉटेल न्यू ग्रँड.

'आवाक्यात' म्हणजे किती, हे आधी स्पष्ट करायला हवे. साध्या दिवशी, जेवणाशिवाय, दोघांच्या खोलीला या तिन्ही ठिकाणी ढोबळमानाने वीस ते चाळीस हजार येन मोजावे लागतात. गेल्या काही वर्षांत एक येन साधारण ५५ ते ६० पैशांना पडत असल्याने ही रक्कम अकरा ते चोवीस हजार रुपयांच्या घरात जाते. साध्या बिझनेस हॉटेलच्या मानाने ती दुप्पट-तिप्पट आहे. मात्र चांगल्या र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी निवासात, दोन जेवणांसह माणशी दर लावतात आणि तो हिशेब बहुतेक वेळा याच्या वर जातो. पाश्चात्य पद्धतीच्या हॉटेलात जेवण न घेता नुसती खोली मिळते, झोपायला पलंग असतो, न्हाणीघर खोलीतच असते आणि संध्याकाळी ठरावीक वेळी जेवायला हजर राहण्याचे बंधन नसते. ज्यांना जमिनीवर झोपणे गुडघ्यांमुळे जमत नाही किंवा माशाविना जेवण हवे असते, अशा आपल्याकडच्या अनेक प्रवाशांच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. दर पाहताना एक काळजी अवश्य घ्यावी : जपानी संकेतस्थळांवर तो पुष्कळदा माणशी दिलेला असतो, खोलीचा नव्हे, आणि शनिवारची रात्र, एप्रिल-मेमधली सुट्टी, ऑगस्टमधला ओबोन हा पूर्वजस्मरणाचा सण आणि पानगळीचे दिवस या काळात तो पाहता पाहता चढतो.

वयाने या तिघांत निक्कोचे कानाया वडीलधारे आहे. तोशोगू देवस्थानात वाद्य वाजवणाऱ्या कानाया झेनइचिरो यांनी १८७३ मध्ये आपल्या घरातल्या काही खोल्या परदेशी प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. त्या काळी परदेशी माणसाला ठरवून दिलेल्या बंदरांपलीकडे आत जायचे तर परवाना लागत असे आणि आत गेल्यावर सोयीची जागा मिळणे दुरापास्त होते. इंग्रज प्रवासलेखिका इझाबेला बर्ड १८७८ मध्ये त्याच घरात उतरली होती, आणि ते घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. सध्याच्या जागी हॉटेल आले ते १८९३ मध्ये. मुख्य इमारत लाकडी असून १९३० च्या दशकात तिच्या पायाखालची जमीन खोदून तळाशी आणखी एक मजला काढण्यात आला. दुमजली इमारत अशा रीतीने तिमजली झाली. येथे 'नवी इमारत' म्हणून जी दाखवतात तीसुद्धा १९०१ ची आहे. म्हणजे या 'नव्या' इमारतीत खोली मिळाली तरी आपण जुन्या वास्तूतच राहतो, आणि ही गोष्ट बाकीच्या दोन हॉटेलांत नाही. उणीव आहे ती ठिकाणाच्या स्वभावात. निक्को डोंगरात आहे, हिवाळा कडक असतो, लाकडी इमारतीत चालण्याचा आवाज शेजारच्या खोलीत जाऊ शकतो आणि देवळे बंद झाल्यावर गावात करण्यासारखे थोडेच उरते. टोकियोच्या आसाकुसा स्थानकातून तोबू कंपनीची जलद गाडी दोन तासांच्या आत पोहोचवते, पण त्या मार्गावर जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, चालत नाही. पास वापरायचा तर शिन्कान्सेन या अतिजलद गाडीने उत्सुनोमियापर्यंत जाऊन गाडी बदलावी लागते.

नारा हॉटेलविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण तिघांपैकी एकच निवडायचे असेल तर माझे मत त्याच्या बाजूने आहे. ते १९०९ मध्ये सुरू झाले. वास्तुकार होते तात्सुनो किंगो, ज्यांनी पुढे टोकियो स्थानकाची लाल विटांची इमारत उभारली. नाऱ्यात मात्र त्यांनी विटा बाजूला ठेवल्या आणि कौलारू छपराची, दोन मजल्यांची लाकडी वास्तू बांधली, जेणेकरून आसपासच्या देवळांशी ती विसंगत दिसू नये. आत पाश्चात्य आणि जपानी गोष्टींचा मेळ अतिशय निगुतीने घातलेला आहे. भिंतीतल्या शेकोटीभोवती शिंतो देवस्थानाच्या तोरिई कमानीची चौकट आहे. छताला लोंबणारे दिवे कासुगा देवस्थानातल्या कंदिलांच्या घाटाचे आहेत. रुंद जिन्याच्या कठड्यावर, जपानी पुलांच्या खांबांवर दिसतात तसे कांद्याच्या आकाराचे कळस आहेत. ते मुळात धातूचे होते. युद्धकाळात सरकारने धातू गोळा करायला सुरुवात केल्यावर ते काढून द्यावे लागले आणि त्यांच्या जागी नाऱ्याच्याच आकाहादा मातीकामाचे कळस बसवण्यात आले. जिना चढताना त्यांवर हात ठेवून पाहावा : लाकडाच्या कठड्यावरून सरकणारा हात गार, गुळगुळीत भाजलेल्या मातीवर येऊन थांबतो. डिसेंबर १९२२ मध्ये आइन्स्टाइन येथे मुक्कामाला होता आणि त्याने वाजवलेला पियानो आजही लॉबीत ठेवलेला आहे.

तरीही माझ्या मते नाऱ्यात राहण्याचे खरे कारण इमारतीपेक्षा घड्याळाशी जोडलेले आहे. बहुतेक पर्यटक क्योतोहून किंवा ओसाकाहून सकाळी दहा-अकराला येतात आणि चार-पाचला परततात. क्योतोहून किंतेत्सु कंपनीची जलद गाडी जेमतेम पस्तीस मिनिटे घेते, त्यामुळे मुक्कामाची गरजच कोणाला वाटत नाही. जो राहतो त्याला संध्याकाळचे नारा उद्यान मिळते. हरणे गवतावर बसलेली असतात आणि पायवाटा रिकाम्या असतात. सकाळी तोदाइजीचे महाबुद्ध-मंदिर एप्रिल ते ऑक्टोबर साडेसातला आणि उरलेले महिने आठला उघडते, आणि हॉटेलातून चालत निघाले तर सहलींच्या बस येण्याच्या कितीतरी आधी आपण बुद्धासमोर उभे असतो. इसवी सन ७५२ मध्ये या मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता, हे लक्षात ठेवून ती मूर्ती शांतपणे पाहायला मिळणे ही गोष्ट गर्दीत होत नाही. शिवाय जेआर गाडीने दहा-बारा मिनिटांवर होर्यूजी हे प्राचीन बौद्ध मंदिर आहे. तिथल्या मुख्य दालनातल्या मूळ भित्तिचित्रांचे १९४९ च्या आगीत फार मोठे नुकसान झाले, पण त्यांच्या शैलीचे नाते अभ्यासक अजिंठ्याच्या चित्रांशी जोडत आले आहेत. अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाने नाऱ्याला दीड दिवस द्यावा, तो यासाठी.

योकोहामाचे हॉटेल न्यू ग्रँड वेगळ्याच प्रकारचे आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, बंदराकाठचे जुने ग्रँड हॉटेलही गेले, आणि शहर पुन्हा उभे राहात असल्याची खूण म्हणून १९२७ मध्ये हे नवे हॉटेल उघडण्यात आले. वास्तुकार वातानाबे जिन यांनीच पुढे टोकियोच्या गिंझा चौकातली घड्याळाची प्रसिद्ध इमारत बांधली. दारातून आत शिरल्यावर निळ्या गालिच्याचा भव्य जिना थेट दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या लॉबीत नेतो. ऑगस्ट १९४५ च्या अखेरीस अमेरिकन जनरल मॅकआर्थर जपानमध्ये उतरला तो याच हॉटेलात, आणि त्याची ३१५ क्रमांकाची खोली त्याच्या नावाने ओळखली जाते. समोर यामाशिता उद्यान आहे. ते भूकंपातल्या पडझडीचा राडारोडा समुद्रात भरून केलेल्या जमिनीवर वसले आहे. त्याच उद्यानात घुमटी असलेला एक पाणवठा दिसतो. भूकंपानंतर शहराने दिलेल्या आधाराबद्दल कृतज्ञता म्हणून, आणि त्यात मृत्यू पावलेल्या आपल्या बांधवांच्या स्मरणार्थ, योकोहामातल्या भारतीय व्यापाऱ्यांनी तो १९३० च्या दशकात उभारून शहराला भेट दिला. भारतीय पाहुण्याने तो चुकवू नये.

सोयीच्या बाबतीत योकोहामा निःसंशय पुढे आहे. मोतोमाची-चुकागाई स्थानक हॉटेलपासून मिनिटभराच्या अंतरावर आहे, शिबुयाहून गाडी न बदलता तिथे येता येते, आणि त्यामुळे टोकियोतले दोन दिवसही इथूनच पार पाडता येतात. खोली आरक्षित करताना मात्र नीट पाहावे लागते. या हॉटेलाला १९९१ मध्ये उंच मनोरा जोडण्यात आला आणि स्वस्त दराच्या खोल्या पुष्कळदा त्या मनोऱ्यातल्या असतात. नारा हॉटेललाही १९८४ ची नवी इमारत आहे. माझे मत असे की जुन्या इमारतीतली खोली मिळत नसेल तर नाऱ्यात नव्या इमारतीसाठी इतके पैसे घालण्यापेक्षा स्थानकाजवळच्या साध्या हॉटेलात उतरावे आणि नारा हॉटेलात चहाला किंवा न्याहारीला जावे. जिना, लॉबी आणि भोजनगृह तेवढ्यानेही पाहून होते. योकोहामात मनोऱ्यातली खोली घेतली तर बंदराचे सुरेख दर्शन घडते, म्हणून तिथे ही तडजोड चालून जाते.

जेवणाचा विचार शाकाहारी वाचकांनी आधीच करावा. न्यू ग्रँडची ख्याती नापोलितान स्पॅगेटी, डोरिया (सॉस घालून भट्टीत भाजलेला भात) आणि फळांनी सजवलेले पुडिंग यांच्यामुळे आहे, पण पहिल्यात हॅम असते आणि दुसऱ्यात कोळंबी. पुडिंग मात्र अंडे चालत असेल तर जरूर खावे. निक्कोच्या कानायात जुन्या पाककृतीवरून केलेला करी-भात मिळतो, त्यातही मांस असते. नारा हॉटेलच्या न्याहारीतली चागायू, म्हणजे भाजलेल्या चहाच्या पाण्यात शिजवलेली भाताची सैल पेज, या सगळ्यांत साधी आणि पोटाला हलकी असते. तिच्यासोबतच्या पदार्थांत मासा येतो, म्हणून आरक्षणाच्या वेळीच इंग्रजीत लिहून तो वगळता येईल का ते विचारावे. आमलेट आणि पावाची पाश्चात्य न्याहारी तिन्हीकडे मिळते.

वयस्कर आईवडील बरोबर असतील आणि सामान जड असेल तर योकोहामाच घ्यावे. निक्को ऑक्टोबरच्या अखेरीस पानगळीसाठी सर्वांत सुंदर असते आणि तेव्हाच सर्वांत महागही. जुन्या लाकडी घरांची आवड असलेल्यांनी मे-जूनमधला आठवड्याच्या मधला दिवस निवडला तर तेच हॉटेल बरेच स्वस्तात पडते. ज्यांचा मार्ग क्योतो-ओसाकावरून जातो त्यांनी क्योतोतली एक रात्र कमी करून ती नाऱ्याला द्यावी, शक्यतो रविवारची, कारण शनिवारची गर्दी ओसरून दर खाली आलेला असतो. आरक्षण करताना 'मुख्य इमारत' हे शब्द पावतीवर आलेले आहेत की नाहीत, एवढे मात्र पैसे भरण्यापूर्वीच तपासून घ्यावे.