जावातील डायलॉग बॉक्स नवशिक्यांसाठी सुटसुटीत करताना: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जावा शिकवताना गेले शैक्षणिक वर्षभर मी इनपुट-आउटपुटसाठी टर्मिनलऐवजी (म्हणजे केवळ अक्षरे दाखवणाऱ्या काळ्या खिडकीऐवजी) डायलॉग बॉक्स उघडणारा जेऑप्शनपेन हा क्लास वापरला. तो वापरावा, हे माझे मत आता पक्के झाले आहे. मात्र तो नवशिक्यांच्या हाती जसाच्या तसा देऊ नये. त्याच्यावर आपला एक छोटा मदतनीस क्लास बसवावा आणि सुरुवातीचे काही आठवडे विद्यार्थ्यांनी फक्त त्या क्लासशीच बोलावे.

जेऑप्शनपेन हा स्विंगचा, म्हणजे खिडक्या आणि बटणे बनवणाऱ्या जावाच्या संचाचा, भाग आहे आणि स्विंग १९९८ सालच्या जावा १.२ पासून जावासोबतच येते, त्यामुळे वेगळे काही डाउनलोड करावे लागत नाही. टर्मिनलवरून वाचण्यासाठी २००४ मध्ये जावा ५ बरोबर स्कॅनर आला आणि बहुतेक ठिकाणी शिकवण्याची सुरुवात त्यानेच होते. पण नेक्स्टइंटने वय वाचून लगेच नेक्स्टलाइनने नाव वाचायला गेले की नावाच्या जागी रिकामी ओळ हाती येते, कारण एंटरची खूण मागेच राहिलेली असते. आणि पहिल्याच आठवड्यात हे समजावत बसणे मला अयोग्य वाटते. शिवाय आमच्या प्रयोगशाळेतील विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत, तर डायलॉग बॉक्समध्ये ‘मुद्दल किती?’ हा प्रश्न स्वच्छ देवनागरीत दिसतो. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन केलेली असावी आणि जावा १८ पूर्वीची आवृत्ती असेल तर कंपाइल करताना तसे सांगावे, एवढीच अट आहे.

अडचण सुरू होते ती त्यानंतर. प्रश्न विचारणारा शोइनपुटडायलॉग साध्या वापरात नेहमी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, परत करतो. सरळव्याजाच्या प्रोग्रामला मुद्दल, दर आणि मुदत असे तीन आकडे लागतात. प्रत्येकासाठी एक स्ट्रिंग, एक डायलॉग आणि एक रूपांतर अशी जुळवाजुळव केली की ज्या एका ओळीत खरे गणित आहे ती नऊ ओळींच्या खाली दबून जाते. रूपांतराचे नियमही एकसारखे नाहीत. आकड्याच्या आधी चुकून एक स्पेस पडली तर दशांश संख्या करून देणारा डबल.पार्सडबल ती मुकाट्याने काढून टाकतो, पूर्णांक करून देणारा इंटिजर.पार्सइंट मात्र नंबरफॉरमॅटएक्सेप्शन ही चूक फेकून प्रोग्राम थांबवतो. कोणी रद्द करण्याचे बटण दाबले तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत येतो. तोच नल पार्सइंटला दिला तर एक एक्सेप्शन आणि पार्सडबलला दिला तर दुसरेच, म्हणजे नलपॉइंटरएक्सेप्शन. काहीही न लिहिता ओके दाबले तर नल नव्हे, रिकामी स्ट्रिंग येते. हे सगळे फरक शिकण्यासारखे आहेत, पण ज्याने अजून ‘इफ’ सुद्धा लिहिलेला नाही त्याने ते पहिल्या दिवशी का सोसावेत?

म्हणून मी ‘संवाद’ नावाचा एक क्लास लिहून दिला. जावात मेथडची नावे देवनागरीत लिहिता येतात, त्या सोयीचा पुरेपूर उपयोग केला: पूर्णांक_घ्या, दशांश_घ्या, मजकूर_घ्या, दाखवा. विद्यार्थी फक्त गुण = संवाद.पूर्णांक_घ्या("गणिताचे गुण", 0, 100) या धर्तीची ओळ लिहितो. आत एक लूप फिरतो: उत्तराच्या कडेच्या स्पेस काढल्या जातात, रूपांतर होते, मर्यादा तपासली जाते आणि काही चुकले तर तोच बॉक्स पुन्हा उघडतो. या पुन्हा उघडण्यात एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. शोइनपुटडायलॉगच्या एका प्रकाराला सुरुवातीचे मूल्य देता येते. तिथे विद्यार्थ्याने आधी टाइप केलेला मजकूर मी परत ठेवते. कोणी ‘८५’ ऐवजी ‘८५क’ टाइप केले असे धरू. बॉक्स परत येतो, वर ‘येथे ० ते १०० मधील पूर्ण संख्या हवी’ असे वाक्य असते, खाली ‘८५क’ तसेच असते आणि चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. रद्द केल्यावर प्रोग्राम थांबवायचा का, असे शोकन्फर्मडायलॉगने विचारले जाते. त्याचे उत्तर केवळ ‘हो’च्या स्थिरांकाशीच ताडून पाहावे, कारण ‘नाही’साठी १ येतो, तर कोपऱ्यातील फुलीने खिडकी बंद केल्यास उणे १.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पार्सइंटला ‘१२’ असे देवनागरी अंक दिले तरी तो बारा हेच मूल्य देतो, पण पार्सडबल ‘१२.५’ नाकारतो. पूर्णांकांच्या प्रोग्राममध्ये चाललेले अंक दशांशाच्या प्रोग्राममध्ये अचानक चालेनासे झाले की विद्यार्थी गोंधळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. कॅरॅक्टर.डिजिट या मेथडने प्रत्येक अंकाचे मूल्य आधी काढून घेतले की हा भेद संपतो. त्याच ठिकाणी ‘१,५०,०००’ मधले स्वल्पविरामही काढून टाकावेत.

आउटपुटचे काम तुलनेने सोपे आहे. लूपमध्ये शोमेसेजडायलॉग ठेवला तर पाढ्याच्या दहा ओळींसाठी दहा वेळा ओके दाबावे लागते. ओळी स्ट्रिंगबिल्डरमध्ये जमवून शेवटी एकदाच दाखवाव्यात. मजकूर फार लांब असेल तर बॉक्स पडद्याबाहेर जातो, म्हणून ‘दाखवा’ ही मेथड ठरावीक ओळींनंतर मजकूर जेटेक्स्टएरिया या मजकुराच्या चौकटीत घालून तो जेस्क्रोलपेनसह, म्हणजे सरकपट्टीसह, दाखवते. संदेशाच्या जागी कोणताही ऑब्जेक्ट देता येतो, त्यामुळे हे सहज जमते. लाखाची स्वल्पविराम पद्धत मात्र आकडे मांडून देणाऱ्या डेसिमलफॉरमॅटला येत नाही, तो सगळीकडे तीन-तीनचेच गट पाडतो. आपल्या पद्धतीची मांडणी मला हाताने लिहावी लागली. जुन्या पुस्तकांत प्रोग्रामच्या शेवटी सिस्टिम.एक्झिट(०) ही ओळ सक्तीची सांगितलेली आढळते. २००२ च्या जावा १.४ पासून अशा साध्या प्रोग्रामला तिची गरज नाही.

उणिवाही आहेत. पालक खिडकीच्या, म्हणजे बॉक्स ज्या खिडकीवर उघडायचा तिच्या, जागी नल दिला की बॉक्स कधीकधी एडिटरच्या मागे उघडतो आणि प्रोग्राम अडकला असे वाटते. नेहमी वर राहणारी एक अदृश्य जेफ्रेम (स्विंगची मुख्य खिडकी) पालक म्हणून दिल्यावर आमच्या संगणकांवरील ही तक्रार थांबली. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्या ऑनलाइन कंपाइलरला पडदाच नसतो तिथे हेडलेसएक्सेप्शन ही चूक येते, आणि फाइलमधून इनपुट देऊन अनेक प्रोग्राम एकदम तपासणेही शक्य होत नाही. त्यावर उपाय म्हणून त्याच नावांच्या मेथड असलेला, पण स्कॅनरने वाचून टर्मिनलवर लिहिणारा दुसरा ‘संवाद’ क्लास मी तयार ठेवला आहे. विद्यार्थ्याच्या प्रोग्राममधील एकही ओळ न बदलता फक्त ती फाइल बदलली की तेच सरळव्याज टर्मिनलवर चालते. दुसऱ्या सत्रात एक्सेप्शन शिकवण्याची वेळ आली तेव्हा दोन्ही फाइल वर्गात उघडून शेजारी-शेजारी वाचल्या. ट्राय, कॅच आणि लूप यांचा उपयोग काय, हे त्या वाचनात जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही सुट्या उदाहरणाने मला आजवर करता आले नव्हते.